शेवटच्या ओळीचा नियम

उस्मानभाई, तुम्ही गेल्यानंतरची पाण्याची पहिली पाळी काल सुरू झाली, आणि पहिल्याच सकाळी तुमच्या तक्त्याने माझे डोके फिरवले.

मारुती पाटकरी फोन हातात घेऊन माझ्या अंगणात आला. कालव्याच्या चारीवरची दारे उघडणे आणि बंद करणे हे त्याचे काम. पण आधी कोणाचे दार उघडायचे हे तो हल्ली मला विचारत नाही. तुमचा तक्ता उघडतो, लाल झालेले चौकोन पाहतो आणि त्या क्रमाने निघतो. ही सवय तुम्ही त्याला लावलीत. मी विचारले, "उस्मानभाईंच्या उसाला पाणी कधी सोडतोस?"

"त्यांचं लाल न्हाय, तात्या."

"तू शेत पाहिलंस का?"

"बघितलं की. भेगा पडल्यात. पण लाल न्हाय."

भेगा पडल्या आहेत, पण लाल नाही. हे वाक्य ऐकायला तुम्ही समोर हवे होतात. ते ऐकून तुम्ही काय केले असते हेही मला माहीत आहे. चष्मा काढून रुमालाने पुसला असता, आणि विषय बदलला असता.

तुमच्या शोकसभेत मी बोललो नाही. आपल्या पाणीवापर संस्थेचे अध्यक्ष बापूराव यांनी दोनदा माझ्याकडे पाहून माइक पुढे केला. दुकान कधी काढले, हजला कधी गेलात, शाळेच्या खोलीवर पत्रे कोणी घातले, हे सर्व इतरांनी सांगितले. बरोबरच सांगितले. मला तुमच्याविषयी काही सांगायचे नव्हते. तुमच्याशी भांडण शिल्लक होते, आणि तसले भांडण माइकवर करता येत नाही. म्हणून हे लिहितो आहे.

भांडणाचे मूळ तुमच्या बारामतीच्या दुकानात आहे. मी पंपाचा वॉशर घ्यायला आलो होतो. तुम्ही गल्ल्यावरून उठलात, मला खुर्ची दिलीत, आणि वॉशर बाजूला ठेवून संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवलात. दुकानातल्या मालाचा तक्ता होता. त्यात काही चौकोन लाल होते.

"तात्या, हे म्या रंगवलेलं न्हाय," तुम्ही म्हणालात. "आपसूक लाल हुतं. बेअरिंगं कमी झाली की बेअरिंगाचा चौकोन लाल. म्या निस्ती अट घातलीया."

"तुम्हाला डोळे नाहीत का? खोक्यात किती बेअरिंगं उरली ते दिसत नाही?"

"दिसतं की. पण रोज रोज बघून दिसायचं थांबतं."

त्या दिवशी मी हे वाक्य दुकानदाराचे म्हणून सोडून दिले. माझी सगळी नोकरी कालव्यावर गेली. कोणत्या शेताला किती दिवसांनी पाणी लागते, कोणाची जमीन लवकर सुकते, कोणाच्या बांधातून पाणी पाझरते, हे मला चालता चालता कळत असे. निवृत्त झाल्यावर संस्थेचा सचिव झालो, तेव्हा कार्यालयातल्या फळ्यावर खडूने पाळी लिहू लागलो. तो फळा मला पुरत होता. तुम्हाला तो पुरेना. पुढच्याच बैठकीत संस्थेचा धूळ खात पडलेला संगणक पुसून तुम्ही टेबलावर मांडलात आणि म्हणालात की दुकानातली युक्ती चारीला लावू.

त्या युक्तीचे नाव कंडिशनल फॉरमॅटिंग. मी त्याला सशर्त स्वरूपण असे म्हटले, तर तुम्ही हसून म्हणालात, "तात्या, एवढं म्हनूस्तर पानी वसरंल." मग 'अटीचा रंग' असे नाव तुम्हीच ठेवलेत. एका ओळीत एक शेत. चारीच्या तोंडाचे शेत सगळ्यांत वर, शेपटाचे सगळ्यांत खाली. समोर पीक, त्यापुढे शेवटचे पाणी मिळाल्याची तारीख. उसाला इतके दिवस, मक्याला इतके. तेवढे दिवस उलटून गेले की तारखेचा चौकोन लाल, मुदत जवळ आली की पिवळा, नाहीतर हिरवा. आणि ठराव असा की लाल जो असेल त्याला पाणी आधी, मग तो कोणीही असो.

ठराव सोपा होता. पहिला दिवस सोपा गेला नाही. सगळे सभासद जमलेले, तुम्ही अट लावलीत, आणि वरपासून खालपर्यंत जवळजवळ सगळा रकाना लालभडक झाला. बापूराव टेकून बसले होते, ते पुढे झुकले.

"काय वो मुलाणीसायेब, समद्यांचीच वाळवून टाकली व्हय?"

लोक हसले. तुमच्या कपाळावर घाम आला. तारखा अजून भरायच्या होत्या. रिकामा चौकोन संगणक शून्य धरतो आणि शून्य म्हणजे त्याच्या लेखी फार जुनी तारीख, हे तुम्हाला तेव्हा उमगले. मी म्हणालो, "ठाऊक नसणे वेगळे आणि मिळालेच नसणे वेगळे. तुमच्या यंत्राला एवढेही कळत नसेल तर ते बंद करा." तुम्ही बंद केले नाहीत. दुसऱ्या दिवशी सर्वांत वर एक नवा नियम आला: चौकोन रिकामा असेल तर पांढरा. वरचा नियम आधी लागतो, असे तुम्ही समजावलेत, आणि म्हणालात, "ह्ये तुमचं कालचं वाक्य हाय, तात्या. समद्यात वर ठिवलंय."

तुम्ही असेच करायचात. मी रागाने काही बोलावे आणि तुम्ही त्याचा नियम करून टाकावा. यामुळे तुमच्याशी धड भांडताही येत नसे.

मग मारुतीचा घोळ. तारखा भरायचे काम त्याच्याकडे दिले, आणि एका शेतापुढे त्याने लिहिले: 'शिमग्याच्या आदल्या दिवशी'. मराठीत, सुवाच्य. आपल्याकडे पाणी असेच लक्षात ठेवतात. यंत्राला शिमगा मोजता येईना. त्या चौकोनाला ना लाल लागला ना हिरवा, आणि मक्याने माना टाकल्यावर चूक उघडकीस आली. तुम्ही रकान्याला कुलूप घातलेत: तारखेशिवाय काही लिहिताच येऊ नये. मारुती चिडला. "मला शिमगा कळतो, भाई. तारीख कळत न्हाय."

"मंग शिमगा किती तारखंला ते मला फोन करून इचार."

तो खरोखरच करायचा फोन. दुकानात गिऱ्हाईक उभे असले तरी तुम्ही त्याला सणांच्या तारखा सांगायचात, तेही कॅलेंडर न पाहता. आमच्या आणि तुमच्या, दोन्हींकडच्या. परवा त्याने मला विचारले, "तात्या, आता शिमगा कुनाला इचारायचा?" मी त्याला कॅलेंडर घेऊन दिले. दुसरे काय करणार.

पण तारखा नीट भरल्यानंतरची ती बैठक मी विसरलेलो नाही. तक्ता उघडला तेव्हा कोणी हसले नाही. वरचा भाग हिरवा. मध्ये पिवळा. आणि खाली उतरत जावे तसा लाल, लाल, लाल. आपली चारीच पडद्यावर उमटली होती. तोंडाला पाणी, शेपटाला भेगा. खोलीतला एकही माणूस असा नव्हता की ज्याला हे माहीत नव्हते. बापूराव म्हणालेच, "ह्यात नवं काय? आमाला ठाऊकच हाय की."

"ठाऊक हाय, बापूराव," तुम्ही म्हणालात. "पन दिसत नव्हतं."

त्या वेळी मला तुमचे बेअरिंगाचे वाक्य आठवले. मी तसे बोललो नाही, आज बोलतो. ते वाक्य दुकानदाराचे नव्हते.

त्याच दिवशी मला आणखी एक गोष्ट दिसली, आणि तिथून आपला खरा वाद सुरू झाला. सर्वांत खालची ओळ पांढरी होती. तारीख भरलेली होती, दिवस उलटून गेले होते, तरी पांढरी. ती ओळ तुमची. चारीच्या अगदी शेपटाला तुमचे शेत; वरच्या अंगाला माझे. माझा चौकोन लाल आणि माझ्याखालचा तुमचा पांढरा, हे कसे?

सगळे गेल्यावर मी विचारले. तुम्ही चहाचा कप धुऊन ठेवलात, मग म्हणालात, "नियम तुमच्या वळीपर्यंतच लावलाय."

"का?"

"ज्यानं नियम क्येला त्याचंच पैलं लाल झालं तर बरं दिसत न्हाय."

"नियम करणाऱ्याला नियम लागू नाही, हे बरं दिसतं का?"

"तात्या, लोक म्हनतील, मुलाण्यानं कॉम्पुटर आनला तो सवताच्या पान्यासाठी. म्हनतील, बगा, ही मानसं..."

तिथे तुम्ही थांबलात. मी म्हणालो, "कोण म्हणेल? नाव सांगा." तुम्ही चष्मा काढून पुसू लागलात. "कुनी न्हाय म्हनत," तुम्ही म्हणालात. "म्हनूनच तर म्हनायची येळ आनू नये."

आपण एका शाळेत शिकलो. तुमच्या घरचा शिरखुर्मा आणि माझ्या घरच्या पुरणपोळ्या चारीच्या बांधावरून इकडून तिकडे गेल्या. अशा गावात तुम्ही ते वाक्य अर्धे ठेवलेत आणि एक ओळ पांढरी ठेवलीत. मला संताप आला, उस्मानभाई. तो अजून उतरलेला नाही. तुमचा संशय होता म्हणून नव्हे. त्या संशयाचे भाडे तुम्ही तुमच्या उसाकडून वसूल करत होतात म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी कार्यालयात जाऊन तक्त्यातल्या रंगाच्या बादलीचे बटण दाबले आणि तुमचा चौकोन स्वतः लाल केला. संध्याकाळी तो पुन्हा पांढरा. तुमचा फोन आला. "बादलीनं रंगवलेलं लाल खोटं असतं, तात्या. अट पुरी झाली तरच लाल."

"अट पुरी झालीच आहे. तुम्ही ती स्वतःला लावत नाही एवढेच."

"दुकानात गिऱ्हाईक हाय," असे म्हणून तुम्ही फोन ठेवलात. तुमच्या दुकानात अडचणीच्या प्रश्नाच्या वेळी नेमके गिऱ्हाईक येत असे.

ज्या बादलीने मला तुमच्यापुढे हरवले, तिनेच माझी बाग बुडवली. हेही स्पष्ट झाले पाहिजे, कारण त्या प्रकरणात तुम्ही मला शेवटपर्यंत दोषी धरलेत. माझे डाळिंब जुने, पाटपाण्यावरचे. डाळिंबाला बहार धरायचा तर आधी पाणी तोडावे लागते. पाने पिवळी पडून गळेपर्यंत झाड कोरडे ठेवायचे. याला ताण देणे म्हणतात आणि इंदापूरच्या वाटेवरच्या कोणत्याही बागाईतदाराला ते सांगावे लागत नाही. तुमच्या तक्त्याला मात्र कोणी सांगितले नव्हते. दिवस उलटले, माझा चौकोन लाल झाला. मी बादलीने त्यावर पांढरा रंग ओतला. चौकोन लालच. पुन्हा ओतला. तरी लाल. अटीचा रंग हाताच्या रंगाला जुमानत नाही, हे मला कसे कळावे? यंत्र बिघडले असे समजून मी घरी आलो. आणि सकाळी मारुतीने लाल पाहून माझ्या बागेचे दार उघडले. ताणावरच्या बागेत ऐन मध्यावर पाणी! बाग फुलायची ती नुसती पालवली.

"तात्या, मला रातीच कळीवलं असतं तर?" तुम्ही म्हणालात.

"तुम्हाला डाळिंब माहीत नव्हते का?"

"डाळिंब म्हाईत हाय. तुमची बादली म्हाईत नव्हती."

यावर मारुती हसला. मी त्याला बाहेर काढले. पुढे बरेच दिवस आपण बांधावरून एकमेकांना नुसते पाहत होतो. मी म्हणत होतो की तुमच्या नियमाला ताण आणि तहान यांतला फरक कळत नाही. मग एका शुक्रवारी, नमाजानंतर, तुम्ही टोपी न काढताच माझ्या ओसरीवर आलात. माफी मागितली नाहीत. फोन पुढे धरलात. तक्त्यात नवा रकाना होता: 'ताण'. त्यात 'होय' लिहिले की चौकोन तपकिरी होणार आणि लालचा नियम त्याला शिवणारही नाही. तुम्ही म्हणालात, "आता तरी च्या पाजा."

पाजला. दोष कोणाचा, हे त्या चहावर ठरले नाही. माझ्या मते तुमचा. ते मी आजही मागे घेत नाही. पण त्या वर्षापासून चारीवरच्या एकाही ताणाच्या बागेत चुकून पाणी शिरलेले नाही, आणि तो नियम माझ्या बागेच्या जिवावर झाला असला तरी केला तुम्हीच. याबद्दल आभार मानायचे राहिले होते. मानतो.

तुमच्या ओळीचा वाद त्यानंतरही दर पाळीला निघे. मी म्हणायचो, नियमाच्या हद्दीतला ओळीचा शेवटचा आकडा एकाने वाढवा. तुम्ही म्हणायचात, पुढच्या पाळीला बघू. मधल्या काळात तुमचे कसे भागले हे मला ठाऊक आहे. मारुती शेवटी तुमच्याकडे येई, कारण तुम्ही खोरे घेऊन बांधावर उभे असायचात. चौकोन पांढरा असला तरी उभा माणूस दिसतो. आणि चारीत जे उरेल ते तुम्ही घ्यायचात. कधी भरपूर, कधी सरी ओली होण्यापुरते. एकदा मी म्हणालो, "तुम्ही नसाल त्या दिवशी काय होईल?"

"म्या कुटं जातूय?"

हे आपले त्या विषयावरचे शेवटचे बोलणे. तुम्ही उत्तर दिले नाहीत, प्रश्न केलात. तुमची ती जुनी खोड.

काल मारुती गेल्यावर मी चारीने खाली उतरलो. भेगा त्याने सांगितल्या तशाच होत्या. उसाचे शेंडे दुपारच्या आधीच वळत होते. तुमच्या घरी गेलो. भाभी इद्दतीत आहेत, तुमच्यामागे पाळायच्या त्या दिवसांत; म्हणून दाराआडूनच बोलल्या. मी विचारले की ऊस वाळतो आहे, निरोप का धाडला नाहीत?

"त्यांनी सांगून ठिवलंय, तात्या. आपन पानी मागायचं न्हाय. आपली पाळी आली की मारुती यील."

"आणि आली नाही तर?"

त्यांनी दाराआडून कपबशी पुढे सरकवली. मग म्हणाल्या, "तुमी च्या घ्या."

मुलगा मातीला आला आणि नोकरीवर परत गेला. भाभींना चाळिसाव्यानंतरही कित्येक दिवस घराबाहेर पडायचे नाही. बांधावर उभे राहायला कोणी नाही. तुम्ही त्यांच्यासाठी तक्त्यावर भरवसा ठेवून गेलात, आणि त्याच तक्त्यातून त्यांची ओळ वगळून गेलात. याहून मूर्खपणाचे काम तुमच्या हातून झालेले मला आठवत नाही.

आपल्या चारीवर एक रीत आहे. ज्या घरात दुखवटा आहे त्या घराने पाण्यावर यायचे नाही. वरच्या शेताच्या माणसाने त्यांची दारे धरायची, म्हणजे त्यांच्या सऱ्यांत पाणी फिरवायचे. माझे वडील गेले तेव्हा माझ्या शेताची दारे तुम्ही खालच्या अंगाचे असून धरलीत, कारण वरचा शेतकरी आजारी होता. तुमच्या वरचे शेत माझे. तेव्हा दारे धरणे माझ्याकडे येते, त्यात बोलण्यासारखे काही नाही. पण दारे धरायला चारीत पाणी तर यायला हवे, आणि पाणी लाल पाहून सुटते.

संध्याकाळी कार्यालयात गेलो. बापूराव होते. मी संगणक सुरू केला तसे ते म्हणाले, "तात्या, कशाला त्यात हात घालताय? मारुतीला तोंडी सांगा. मुलाण्याच्या घरी सोड म्हनावं, सोडंल. कोन न्हाय म्हनतंय?"

चांगल्या मनाने म्हणाले. तो उपाय सोपाही होता. मी म्हणालो, "तोंडी सोडलेलं पाणी ही मेहेरबानी झाली, बापूराव. या पाळीला मी सांगेन. पुढच्या पाळीला कोण सांगणार? आणि त्याच्या पुढच्या?"

"आवो, पन ठरावात त्यांची वळ नव्हती. आता घातली तर बाकीचे म्हनतील, बगा..."

तेही तिथेच थांबले. नेमके तिथेच. मी म्हणालो, "पुढे बोला." त्यांनी खिशातून किल्ल्या काढल्या, पुन्हा खिशात ठेवल्या. "काय न्हाय," म्हणाले. मी म्हणालो, "बाकीचे काय म्हणतील ते बाकीच्यांनी बैठकीत उभं राहून, पूर्ण वाक्यात म्हणावं. मी लिहून घेईन." त्यांनी किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या. मग माझ्या शेजारची खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "दाबा तुमी. म्या हाय."

तुमचे अर्धे वाक्य आणि त्यांचे अर्धे वाक्य मी शेजारी शेजारी ठेवून पाहिले. पुढचे शब्द दोघांच्याही तोंडून आले नाहीत. आता येतील असे वाटत नाही. हे मी तुम्हाला मुद्दाम सांगतो, कारण तुम्हाला त्याची धास्ती होती आणि समोरच्याला त्याची लाज आहे, हे तुम्ही पाहायला हवे होते.

तुम्ही शिकवलेले मी ऐकत नसे असा तुमचा समज होता. मला सगळे येते. पडद्याच्या उजव्या बाजूची पट्टी उघडली. नियमांची यादी आली. सर्वांत वर रिकाम्या चौकोनाचा, म्हणजे माझ्या वाक्याचा. त्याखाली ताणाचा, म्हणजे माझ्या बागेचा. मग लाल, मग पिवळा, मग हिरवा. प्रत्येक नियमाची हद्द माझ्या ओळीवर संपत होती. मी प्रत्येकाचा शेवटचा आकडा एकाने वाढवला. ओळींना आणि नियमांना हात लावायचा तो आपण दोघांनीच, असे ठरले होते. तुमच्या मते मी कधी लावणार नव्हतो. लावला.

शेवटचे बटण दाबताच तुमचा चौकोन लाल झाला. पिवळा वगैरे नाही, एकदम लाल. बादलीशिवाय. इतक्या दिवसांची अट तिथे उभीच होती.

माझा फोन वाजला. चारीच्या वरच्या मोरीवरून मारुती ओरडत होता, "तात्या! भाईंचं लाल झालं! आवो, भाईंचं लाल झालं!" एवढा आनंद त्याला बेंदराला बैलांच्या मिरवणुकीतही झालेला मी पाहिलेला नाही. मी म्हणालो, "दिसतंय मला. उजाडताच सोड."

आज उजाडल्यावर पाणी सुटले. रीतीप्रमाणे मी दारे धरली. माझ्या गुडघ्यांचे जे झाले ते तुम्हाला सांगत नाही, तुम्ही त्यावरही नियम कराल. सरी भरत गेल्या. भेगांत पाणी उतरताना आवाज होतो, तो तुम्हाला माहीत आहे. शेवटची सरी भरली तेव्हा ऊन वर आले होते. भाभींनी घरातून चहा आणि बिस्किटे पाठवली. त्यांनी निरोप पाठवून विचारले, "पाळी आली व्हय?" मी कळवले, "आली. यापुढे येत जाईल."

तुमच्या खोऱ्याला तुम्ही दांडा फार लांब बसवला आहे. उंच माणसाचे खोरे. मी ते धुऊन जागेवर ठेवले.

तारीख अजून भरलेली नाही. मारुतीला सांगितले आहे की ही एक तारीख मी भरीन. ती भरली की तुमचा चौकोन हिरवा होईल आणि इतरांसारखा दिवस मोजू लागेल. हे काम मी संध्याकाळी करणार आहे. तोवर तुमची ओळ लाल आहे, आणि चारीच्या तोंडापासून शेपटापर्यंत सर्वांच्या फोनवर दिसते आहे. आभाळ कोसळलेले नाही.

तुमची काही हरकत असेल, उस्मानभाई, तर ती संध्याकाळच्या आत नोंदवा. त्यानंतर ऐकून घेतली जाणार नाही.